वहीतलं वाक्य

क्रिप्टो नाण्यांच्या वॉलेटचे बारा शब्द लिहिलेलं पान उघडलं तेव्हा त्याने त्यावर तळहात आडवा धरला आणि मी मान दुसरीकडे वळवली. एवढं तरी मी त्याला नीट शिकवलं होतं. हे शब्द ज्याच्या हाती त्याची नाणी, म्हणून ते कोणाला दाखवायचे नाहीत, त्यांचा फोटो काढायचा नाही, फोनमध्ये टाइप करून ठेवायचे नाहीत. कागदावर लिहायचे आणि कागद जपायचा. मामेभाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचा जुना फोन बंद पडला होता, आणि नेमका त्याच आठवड्यात एक्स्चेंजचा, म्हणजे नाणी घेण्या-विकण्याच्या ऑनलाइन बाजाराचा, मेल आला होता, की त्याच्याकडे असलेलं नाणं सात दिवसांनी यादीतून काढून टाकलं जाईल. काम तसं सरळ होतं. नव्या फोनवर वॉलेट उभं करायचं, नाणी एक्स्चेंजवर पाठवायची, मुदतीच्या आत मिळेल त्या भावाला विकायची. तो एकेक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणत टाइप करत होता आणि ते कानावर पडू नयेत म्हणून मी पंख्याच्या आवाजाकडे लक्ष लावून बसले होते. बारावा शब्द झाला, शिल्लक दिसली, त्याने हात उचलला. वही मिटताना मला पानावरची पहिली ओळ दिसली. निळ्या पेनने, ठसठशीत अक्षरात, खाली दोन रेघा ओढून: ‘किंमत म्हणजे गोंगाट. नियम बदलत नाहीत तोवर जागचं हलायचं नाही.’

वाक्य माझं होतं.

‘तूच म्हणाली होतीस ना ताई,’ तो फोनवरून नजर न काढता म्हणाला, ‘म्हणून तर धरून ठेवलं.’ आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मी ते बिटकॉइनबद्दल म्हणाले होते, तुझ्या या नाण्याचं मी नावही ऐकलं नव्हतं, घेताना तू मला विचारलं नाहीस. सगळं खरं होतं. पण त्याने ते इतक्या सहज सांगितलं, कोणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं, की माझ्याकडची उत्तरं तोंडातच राहिली. पुढे कितीतरी दिवस ते वाक्य मी मनात उलटंसुलटं करून पाहत होते. त्यात चूक काय होती? मला ते आजही खरं वाटतं. मग त्याच खऱ्या वाक्याला धरून एक मुलगा चार वर्षं कोरड्या विहिरीत पोहरा कसा सोडत राहिला?

ते वाक्य मी कधी म्हटलं हे पक्कं आठवतं. २०१८ चा शेवट होता. आदल्या डिसेंबरात बिटकॉइन वीस हजार डॉलरच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलं होतं आणि वर्षभराने सव्वातीन हजारांच्या आसपास येऊन पडलं होतं. घरात त्या विषयावर कोणी बोलत नसे. बोलणं टाळलं जातंय हे मात्र प्रत्येक खोलीत जाणवायचं. हा तेव्हा कॉलेजात होता आणि सरळ विचारण्याची हिंमत त्याच्याकडेच होती. ‘ताई, सगळे पैसे गेले का गं?’ त्यावर मी ते वाक्य म्हटलं. शांतपणे, जणू मला कसली चिंताच नव्हती. रात्री दोनला जाग येते, उशीखालचा फोन हातात येतो, अंधारात तो निळसर उजेड तोंडावर पडतो, लाल आकडे दिसतात आणि घशाशी आंबट येतं, हे मी त्याला सांगितलं नाही. मोठ्या बहिणीने खंबीर दिसावं असं वाटलं असेल. आज वाटतं, त्या रात्रींबद्दल बोलले असते तर ते वाक्य त्याच्यापर्यंत एवढं गुळगुळीत होऊन पोहोचलं नसतं.

शिवाय मी त्याला हेही सांगितलं नव्हतं की २०१७ मध्ये माझ्याकडे एकटं बिटकॉइन नव्हतंच. अकरा नाणी होती. कोणतं टिकेल ते कोणाला ठाऊक, म्हणून थोडं थोडं सगळ्यांत, असा माझा हिशेब होता. या विचारात वावगं काही नाही आणि आज कोणी तो करत असेल तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. बिटकॉइननंतर आलेल्या सगळ्याच कल्पना फुटकळ नव्हत्या. नेमकॉइनने २०११ मध्येच वेबसाइटच्या नावांची नोंद कोणा एका संस्थेच्या हातात न ठेवता साखळीवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या असलेल्या नोंदवहीत, ठेवून दाखवली. बिटकॉइनमध्ये व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, साधारण दहा मिनिटांनी साखळीत जोडला जातो; त्याच वर्षी आलेल्या लाइटकॉइनने ते अंतर अडीच मिनिटांवर आणलं. इथेरियम जुलै २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा साखळीवर नुसती नोंद नव्हे तर अख्खा प्रोग्राम चालू शकतो हे पाहून मी रात्रभर वाचत बसले होते. तो आनंद खरा होता. नव्या गोष्टीला हात लावून पाहण्याची जी ओढ असते ती लोभापेक्षा वेगळी असते, जरी दोन्ही एकाच ॲपमध्ये, एकाच बटणावर येऊन भेटत असली तरी.

त्या वर्षी मी डॉमिनन्सचा आकडा भक्तिभावाने पाहायचे. एकूण क्रिप्टो बाजाराच्या मूल्यात बिटकॉइनचा वाटा २०१७ च्या सुरुवातीला ऐंशी टक्क्यांच्या वर होता. २०१८ च्या जानेवारीत तो चाळीसच्याही खाली आला. मला त्यात भविष्य दिसत होतं: थोरला म्हातारा झाला, आता धाकट्यांचे दिवस. तो आकडा कसा तयार होतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले एकूण नाणी, एवढाच तो हिशेब. कोणी शंभर कोटी नाणी निर्माण केली आणि त्यातलं एक जरी दोन डॉलरला विकलं गेलं तरी कागदावर दोनशे कोटी डॉलर उभे राहतात, प्रत्यक्षात खिशातून दोनच डॉलर निघालेले असले तरीही. विकायला गेल्यावर ते दोनशे कोटी कुठे असतात, हा प्रश्न भाव चढत असताना कोणाला पडत नाही. मलाही पडला नाही. मग पडझड झाली आणि कळलं, की अकरा होड्या म्हणून मी जे घेतलं होतं त्या सगळ्यांचा दोर एकाच खुंट्याला होता. बिटकॉइन पडलं की सगळी पडायची, आणि जास्त खोल पडायची. इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, जानेवारीत चौदाशे डॉलरच्या घरात होतं, डिसेंबरात नव्वदच्या खाली. माझ्या यादीतली छोटी नाणी तर त्याहून वाईट अवस्थेत होती.

त्या काळात मला जुन्या याद्या पाहायचा नाद लागला. २०१३-१४ च्या क्रमवारीत वरच्या दहांत कोण होतं ते उघडून बसायचे. पीअरकॉइन, नेमकॉइन, फेदरकॉइन. एकेकाळी यांच्यावर जीव टाकणारी माणसं होती, त्यांनीही कुठेतरी वहीत काहीतरी लिहून अधोरेखित केलं असेल. नाणी अजून आहेत, बऱ्याच साखळ्या चालूही आहेत. पण कंपनी बुडाल्यावर टाळं लागतं, नोटीस चिकटते, कोणीतरी रडतं; इथे तसं काहीच होत नाही. घेणाऱ्यांची रांग पातळ होत जाते आणि एके दिवशी रांगच नसते. क्रमवारीच्या पानावर ते नाव खाली खाली सरकत जातं आणि खाली सरकणाऱ्याकडे पाहायला कोणी पानाच्या तळाशी जात नाही.

माझी अकरा नाणी मी त्या हिवाळ्यात एकेक करून काढली. एकच ठेवलं. ठेवलं ते कशाच्या बळावर, हे सांगायचं तर त्या जुन्या लॅपटॉपबद्दल सांगावं लागेल.

कोणीतरी म्हणालं होतं, विश्वास ठेवू नकोस, स्वतः तपास. मी ते शब्दशः घेतलं. एक जुना लॅपटॉप काढला, त्याला बाहेरून हार्ड डिस्क जोडली आणि बिटकॉइनचा नोड, म्हणजे सगळी नोंदवही स्वतः तपासणारा प्रोग्राम, चालू केला. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासून तेव्हापर्यंतचा प्रत्येक व्यवहार उतरवून घ्यायचा आणि नियमांवर घासून पाहायचा. तेव्हा ते सगळं मिळून सुमारे २०० जीबी होतं. खिडकीत एक ओळ दिसायची: इतकी वर्षं, इतके आठवडे मागे. मी सुरू केलं तेव्हा जवळजवळ दहा वर्षं मागे होते. २००९ चे ब्लॉक भराभर गेले, कारण ते बहुतेक रिकामेच. कोणीतरी एकटाच दिवा लावून बसला आहे आणि दर दहा मिनिटांनी वहीत तारीख टाकतो आहे, असं काहीतरी ते पाहताना वाटायचं. २०१३ च्या पुढे लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. २०१७ वर येईपर्यंत त्याचा पत्रा इतका तापला होता की मी खाली दोन जाडजूड पुस्तकं ठेवून तो उचलून धरला. आठवडाभर ते चाललं. स्वयंपाकघरातून, अंथरुणातून, कुठूनही तो पंखा ऐकू यायचा, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा पैशांबद्दल एक विलक्षण भावना झाली: मला कोणी काही सांगत नाहीये, मी स्वतः मोजते आहे. नवा ब्लॉक जोडणाऱ्या मायनरला मिळणारं नव्या बिटकॉइनचं बक्षीस ५० चं २५ कधी झालं, २५ चं साडेबारा कधी झालं, हे मी लेखांत वाचलं होतं. आता माझ्या टेबलावरच्या यंत्राने ते पाहिलं होतं आणि होकार दिला होता. २ कोटी १० लाखांच्या वर एकही बिटकॉइन निघणार नाही, हे वाक्य त्या आठवड्यानंतर माझ्यासाठी घोषणा राहिलं नाही.

मनात एक खडा मात्र तेव्हाही राहिला. ब्लॉक क्रमांक ७४,६३८. १५ ऑगस्ट २०१० ला याच क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका बेरजेच्या चुकीचा फायदा घेऊन कोणीतरी १८४ अब्ज बिटकॉइन निर्माण केली होती. अब्ज. काही तासांत दुरुस्ती आली, लोकांनी नवी आवृत्ती चढवली, आणि त्या ब्लॉकवर उभी राहिलेली साखळी टाकून देण्यात आली. माझ्या नोडने उतरवला तो त्या क्रमांकाचा दुसरा ब्लॉक, निर्मळ. म्हणजे ज्या न बदलणाऱ्या नोंदवहीच्या मी प्रेमात पडले होते तिचं एक पान माणसांनी फाडून पुन्हा लिहिलं होतं. आणि तेव्हा बिटकॉइन घडवणारा, त्या टोपणनावानेच ओळखला जाणारा सातोशी स्वतः होता, त्याच्या शब्दाला वजन होतं. २०१६ मध्ये इथेरियमवर द डाओ नावाच्या सामाईक निधीतून सुमारे ३६ लाख इथर काढून घेतले गेले आणि ते परत मिळवायला जुलैत साखळीच दुभंगली, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, बघा, तिथे माणसं निकाल फिरवतात. कोणी २०१० ची आठवण करून दिली तर माझं उत्तर तयार असायचं: २०१० मध्ये आधीच ठरलेला नियम वाचवला गेला, २०१६ मध्ये नियमाप्रमाणे लागलेला निकाल फिरवला गेला. हा फरक मला अजूनही पटतो. पण पूर्वी तो मी ज्या सहजतेने सांगायचे, ती सहजता आता राहिलेली नाही. ज्यांचे इथर गेले होते त्यांच्या जागी मी असते तर मलाही साखळी फिरवावी असंच वाटलं असतं.

सातोशीने डिसेंबर २०१० नंतर जाहीरपणे लिहिणं थांबवलं. या एका गोष्टीवर मी जितका विचार केला तितका कशावरच केला नाही. बाकी जवळजवळ प्रत्येक नाण्याला चेहरा आहे. कोणीतरी मंचावर उभं राहतं, कोणीतरी पुढच्या सुधारणेची तारीख सांगतं, आणि आपला विश्वास नकळत त्या माणसाच्या चेहऱ्याला चिकटतो. लाइटकॉइनचे जनक चार्ली ली यांनी डिसेंबर २०१७ मध्ये आपल्याकडची लाइटकॉइन विकली किंवा देऊन टाकली आणि तसं जाहीर सांगितलं. हितसंबंध आड येतात असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते प्रामाणिक वाटलं. तरीही ते वाचताना पोटात खड्डा पडला, कारण माझ्या अकरांत लाइटकॉइनही होतं. सातोशीच्या जाण्याने बिटकॉइन पोरकं झालं, आणि पोरक्या पोराला लवकर शहाणपण येतं तसं काहीतरी झालं. २०१७ मध्ये मोठ्या कंपन्या आणि बहुतेक मोठे मायनर मिळून ब्लॉकचा आकार दुप्पट करायला निघाले होते. सामान्य नोड चालवणारे अडून बसले. ८ नोव्हेंबरला ती योजना मागे घेण्यात आली. मालक नसलेल्या गोष्टीचं राखण कसं होतं ते तेव्हा दिसलं.

आणि एकच नाणं उरल्यावर, त्या भांडणाचे दाखले देता देता माझ्या तोंडी एक कडवटपणा आला, जो पुढे बरीच वर्षं गेला नाही. दुसऱ्या कुठल्याही नाण्याचं नाव निघालं की मी बोलणाऱ्याला पुरतं बोलूही देत नसे. ‘कचरा’ हा शब्द मी सर्रास वापरायचे. इथेरियमवर मनापासून काम करणारी एक मैत्रीण होती. एकदा तिच्या तोंडावर मी तो शब्द वापरला आणि ती गप्प झाली. ती शांतता मला आजही ऐकू येते. निष्ठेबरोबर तिरस्कार यायलाच हवा असं कुठे असतं? एका गोष्टीवर ठाम असणं आणि बाकी सगळ्यांकडे पाहायचंच नाही असं ठरवणं, या दोहोंत मी तेव्हा गल्लत केली होती. आणि त्या गल्लतीचा थेट परिणाम म्हणजे हा मुलगा. कारण माझ्यापुढे दुसऱ्या नाण्याचं नाव काढायची सोयच नव्हती. २०२१ मध्ये त्याने ते घेतलं तेव्हा मला विचारलं नाही, याचं दुसरं काय कारण असणार?

त्याने ते का घेतलं हे त्या रात्री मला कळलं. ‘बिटकॉइन अख्खं कधी मिळणार होतं मला? याची हजारो येत होती.’ एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्यातले हवे तेवढे घेता येतात, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मन भरणं वेगळं. शून्य पूर्णांक शून्य शून्य काहीतरी हातात येण्यापेक्षा चौदा हजार नाणी हातात येणं माणसाला श्रीमंत वाटतं. मी त्याला यावरून काही बोलू शकले नाही.

नाणी एक्स्चेंजवर पोहोचेपर्यंत आम्ही दोघांनी मिळून त्या नाण्याचे कागद वाचले. खरं तर मी वाचत होते, तो बघत होता. व्यवहार मान्य करणारे एकूण एकवीस जण, त्यातले बहुतेक टीमचेच. एकूण नाण्यांची मर्यादा सुरुवातीला एक होती, दीड वर्षाने ती वाढवली होती, पुढे पुन्हा वाढवली होती. दोन्ही वेळा मतदान झालं होतं आणि दोन्ही वेळा बहुतेक मतं टीमच्या हातात होती. त्याने टेलिग्राम ग्रुपवर वर जाऊन शोधलं. दोन्ही घोषणा तिथे होत्या, रॉकेटच्या चित्रांसकट, आणि खाली शेकडो लोकांचे अंगठे. एक अंगठा त्याचाही होता. तो बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला.

नियम बदलत नाहीत तोवर, असं वाक्य होतं. नियम दोनदा बदलले होते.

इथे मला ती चुटपुट नेमकी कुठे आहे ते सापडलं. वाक्यात अट होती, आणि ती अटच त्याचा सगळा जीव होती. पण अट पाळली जातेय की नाही हे बघायचं कुठे, कसं, किती दिवसांनी, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मी आठवडाभर तापलेल्या लॅपटॉपजवळ बसून जे मिळवलं होतं त्यातलं फक्त शेवटचं फळ त्याच्या हातात ठेवलं, झाड दाखवलं नाही. मग उरलं काय, तर ‘जागचं हलायचं नाही’. तेवढं कोणत्याही नाण्याला लागू होतं. २०२२ च्या मेमध्ये टेरा आणि लुना ही एकमेकांशी बांधलेली नाणी काही दिवसांत मातीमोल झाली तेव्हाही माणसं एकमेकांना हाच धीर देत होती. काहीही झालं तरी विकायचं नाही, या अर्थाचा होडल हा शब्द तरी कुठून आला? डिसेंबर २०१३ मध्ये भाव कोसळत असताना दारू प्यायलेल्या एकाने घाईत ‘होल्ड’ चुकीचं टाइप केलं. त्याने लिहिलं होतं की मी वाईट ट्रेडर आहे, मला वेळ साधता येत नाही, म्हणून मी धरून बसलोय. ती स्वतःबद्दलची कबुली होती. तिचा हुकूम आपण सगळ्यांनी मिळून केला. आणि ज्यांनी तो तेव्हा पाळला त्यांना पडझडीआधीचा १,१०० डॉलरच्या वरचा भाव पुन्हा दिसायला २०१७ उजाडावं लागलं, मध्ये तो दोनशेच्याही खाली जाऊन आला. हे घोषणेत कुठेच येत नाही.

नाणी पोहोचली. विकायला बसलो तेव्हा घेणाऱ्यांची बाजू जवळपास कोरी होती. पाच-सहा ओळी, प्रत्येकीत थोडीथोडकी मागणी, आणि दोन ओळींच्या भावांत मोठमोठ्या फटी. त्याने हजार नाणी विकली. भाव खाली सरकला. आणखी दोन हजार विकली, चार्टवर एक लांब लाल काडी उभी राहिली. तो थांबला, स्क्रीनजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, ‘ताई, हे मीच पाडतोय का?’ मी हो म्हटलं. मग उरलेली नाणी तो विकत राहिला, आणि प्रत्येक वेळी ती काडी थोडी थोडी लांब होत गेली. शेवटी हातात जे आलं त्यात नवा फोनही आला नसता. त्याचा आवाज अगदी स्थिर होता. मला वाटलं, आता तो वही फाडेल. त्याने ती मिटून मांडीवर ठेवली आणि विचारलं, ‘तुझ्या बिटकॉइनचे नियम बदलले नाहीत हे तू शेवटचं कधी पाहिलंस?’

मला उत्तर देता आलं नाही.

लॅपटॉप कपाटाच्या वरच्या खणात होता, जुन्या चादरीखाली. २०२३ मध्ये घर आवरताना मी तो बंद करून तिथे ठेवला होता, नंतर लावू म्हणून. त्यानंतर भाव चढले, अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये बिटकॉइनचे ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात मिळणारे फंड, आले, डिसेंबरात एक लाख डॉलर झाले, आणि मी निर्धास्त होते. तपासून निर्धास्त नव्हे, भाव चढताना जी आपोआप येते ती निर्धास्ती. किंमत म्हणजे गोंगाट, असं भाव पडताना म्हणणारी मी, भाव चढताना तोच गोंगाट पुरावा म्हणून ऐकत होते. माझ्यात आणि त्याच्यात त्या दोन वर्षांपुरता काय फरक होता, तर माझं नाणं चांगलं निघालं. एवढाच. हे लिहिताना मला जड जातंय, पण त्या रात्री ते माझ्यापुढे अगदी स्वच्छ उभं होतं.

धूळ पुसली, चार्जर शोधला, हार्ड डिस्क जोडली. ती भरत आली होती म्हणून दुसऱ्या दिवशी मोठी आणली. खिडकी उघडली आणि ती ओळ आली: २ वर्षं आणि ६ आठवडे मागे. पंखा तसाच घरघरायला लागला, जरा जास्तच. तो राहिला त्या रात्री, आणि पुढच्याही. मी त्याला माझ्या अटी सांगितल्या, पहिल्यांदाच मोठ्याने. २ कोटी १० लाखांची मर्यादा वाढवायला सगळे राजी झाले तर मी निघेन. सामान्य माणसाला साध्या यंत्रावर हे सगळं तपासता येईनासं झालं तर निघेन. तिसरी गोष्ट मला स्वतःलाच नीट कळलेली नाही, तीही सांगितली: बक्षीस दर चार वर्षांनी निम्मं होत शेवटी संपणार, मग मायनरना व्यवहार करणारे देतात त्या फीवरच राहावं लागणार, तेवढी फी कायम मिळत राहील का? ‘म्हणजे तुला माहीत नाही,’ तो म्हणाला. नाही, म्हटलं. त्याने वही काढली, अधोरेखित ओळीच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं: ताई, बिटकॉइनबद्दल, २०१८. आणि खाली तीन अटी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो मला हाका मारायला लागला. ब्लॉकचा आकडा ८,४०,००० वर गेला होता. २० एप्रिल २०२४, बक्षीस सव्वासहावरून ३.१२५ वर येण्याचा ब्लॉक, जो माझ्या गैरहजेरीत होऊन गेला होता. मी त्याला ब्लॉक उघडायची कमांड दाखवली आणि सांगितलं, पहिला व्यवहार बघ, मायनरला काय मिळालं ते त्यात असतं, तिथे ३.१२५ आणि थोडी फी दिसेल. त्याने पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. ‘इथे तर चाळीसच्या वर आहे.’

माझ्या छातीत धस्स झालं. क्षणभर ओठांवर एक तयार वाक्य आलं, कसलं तरी समजावणारं, मोठ्या बहिणीचं. ते मी गिळलं. ‘थांब,’ म्हटलं, ‘मलाही माहीत नाही, बघू.’ त्या ब्लॉकमधले व्यवहार आम्ही खाली खाली उघडत गेलो. फी भरमसाट होती, सगळ्यांना त्याच एका ब्लॉकमध्ये जागा हवी होती. त्याने वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली. फी ३७.६२६. बक्षीस ३.१२५. खाली रेघ ओढून ४०.७५१ लिहिलं, पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहिलं, आणि पेन हातात तसंच ठेवून पुढचा ब्लॉक उघडला.